स्मृतिपट्ट्यांच्या कॅशेवरील सॉफ्टवेअर-नियंत्रणाचा इतिहास : विशेष संदर्भ – एमटीआरआर

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा वेग आणि आकार या दोन अंगांनीच झालेले आहे. कोणत्या वर्षी कोणता प्रोसेसर आला, त्यात किती ट्रान्झिस्टर होते, त्याचा वेग किती मेगाहर्ट्झ होता, याचे तक्ते पाठ्यपुस्तकांत आढळतात. परंतु यंत्राच्या अंतर्भागातील एखादा निर्णय कोणी घ्यावयाचा, यंत्राने, मदरबोर्डने, बायोसने की ऑपरेटिंग सिस्टिमने, हा प्रश्न त्या तक्त्यांत येत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका निर्णयाचा मागोवा घेतला आहे. मेमरीतील कोणता भाग प्रोसेसरने आपल्याजवळ कॅशेत ठेवावा, कोणता ठेवू नये आणि हे त्याला कोणी सांगावे, हा तो प्रश्न होय. १९९५ साली इंटेलने पेंटियम प्रो या प्रोसेसरात ‘मेमरी टाइप रेंज रजिस्टर’ म्हणजेच एमटीआरआर ही सोय दिली. ती या इतिहासाच्या मध्यभागी असल्याने विवेचनाचा मोठा भाग तिला दिलेला आहे.

विषय संगणकशास्त्राचा असला तरी वाचक विविध विद्याशाखांचे आहेत याची जाणीव ठेवून तांत्रिक संज्ञा शक्य तेथे उलगडून सांगितल्या आहेत. ‘कॅशे’ या शब्दाचा उच्चार मूळ भाषेत ‘कॅश’ असा होतो. त्यामुळे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्याचा संबंध रोकडीशी जोडतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ मात्र ‘लपविणे’ असा आहे आणि या इतिहासात तोच अर्थ अधिक महत्त्वाचा आहे.

लपलेली मेमरी

प्रोसेसर आणि मुख्य मेमरी यांच्या वेगांत तफावत असते. ती भरून काढण्यासाठी दोहोंच्या मध्ये एक लहान पण वेगवान मेमरी ठेवावी, ही कल्पना केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये अवघ्या दोन पानांच्या निबंधात मांडली. त्यांनी तिला ‘स्लेव्ह मेमरी’ असे नाव दिले होते. व्यापारी संगणकात ती प्रथम अवतरली आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये, १९६८ साली. त्याविषयीचा लेख ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’साठी तयार होत असताना ‘हाय-स्पीड बफर’ हा शब्द संपादक लाइल जॉन्सन यांना नीरस वाटला. लेखकांकडून दुसरा शब्द येईना, तेव्हा त्यांनीच ‘कॅशे’ हे नाव सुचविले. एका संपादकाच्या आग्रहातून आलेला शब्द पुढे साऱ्या जगाने स्वीकारला, ही गोष्ट नियतकालिकांशी संबंध असलेल्या प्राध्यापकवर्गाला सुखावणारी आहे.

मॉडेल ८५ मधील कॅशे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसत नव्हता. प्रोग्रॅम जुनाच, त्याचा निकालही तोच. केवळ काम लवकर होई. या अदृश्यतेमुळेच कॅशे यशस्वी झाला, असे म्हणता येईल. परंतु ही अदृश्यता एका गृहीतकावर उभी होती. मेमरीतील पत्त्यावर जे लिहिले तेच पुढे वाचावयास मिळेल आणि मध्यंतरी प्रोसेसरखेरीज दुसरे कोणी त्यात बदल करणार नाही, हे ते गृहीतक. ज्या यंत्रात काही पत्त्यांच्या मागे मेमरी नसून उपकरणे असतात, तेथे हे गृहीतक कोसळते. नेटवर्क कार्डाचे स्थितिदर्शक रजिस्टर एखाद्या पत्त्यावर असेल आणि प्रोसेसरने त्याची प्रत कॅशेत ठेवली, तर कार्डाची स्थिती बदलली तरी प्रोसेसर जुनी प्रतच वाचत राहील. पडद्यावरील चित्राच्या मेमरीत लिहिलेले ठिपके कॅशेतच राहिले, तर ते पडद्यावर उमटणार नाहीत. म्हणून काही पत्ते कॅशेपासून दूर ठेवावे लागतात.

हे ठरविण्याच्या दोन परंपरा सुरुवातीपासून दिसतात. मिप्सच्या आर२००० या प्रोसेसराने (१९८६) हा निर्णय पत्त्यातच गुंफला होता. एकच भौतिक मेमरी दोन आभासी खिडक्यांतून दिसे. एका खिडकीतून वाचल्यास कॅशेमार्गे, तर दुसरीतून वाचल्यास थेट. उपकरणाशी बोलावयाचे असल्यास प्रोग्रॅमरने दुसऱ्या खिडकीतील पत्ता वापरावयाचा, एवढाच नियम होता. ही व्यवस्था साधी आणि स्वच्छ होती. इंटेलच्या पीसी घराण्याला मात्र ती लाभली नाही, कारण त्या घराण्याच्या पाठीवर १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीचा पत्ता-नकाशा होता. ६४० किलोबाइटच्या वर चित्राची मेमरी, त्यावर कार्डांचे रॉम आणि पहिल्या मेगाबाइटच्या शेवटी बायोस, अशी ती मांडणी होती. हा नकाशा कॅशेचा विचारही नसलेल्या काळात आखला गेला होता.

पिनेवरून येणारा निर्णय

इंटेलच्या ८०३८६ मध्ये (१९८५) अंतर्गत कॅशे नव्हता. ज्या मदरबोर्डांवर बाहेरून कॅशे बसविला जाई, तेथे कोणता पत्ता ठेवावा हे बोर्डावरील सर्किट ठरवी. १९८९ च्या ८०४८६ मध्ये ८ किलोबाइटचा कॅशे प्रोसेसराच्या आत आला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता साठविणारा आत होता आणि नकाशा जाणणारा बाहेर. इंटेलने यावर पिनेचा मार्ग काढला. प्रोसेसर पत्ता बाहेर पाठवी, मदरबोर्डवरील चिपसेट तो तपासून ‘केन’ नावाच्या पिनेवर होकार किंवा नकार कळवी आणि त्यानुसार आलेला मजकूर कॅशेत जाई वा न जाई. याच्या जोडीला पेज टेबलातील प्रत्येक नोंदीत ‘या पानासाठी कॅशे बंद’ आणि ‘या पानावरील लेखन सरळ मेमरीपर्यंत न्या’ असे दोन बिट दिले गेले. संपूर्ण कॅशे बंद करण्याचा एक बिट नियंत्रण-रजिस्टरात होता, आणि कॅशे रिकामा करण्यासाठी दोन विशेष सूचना होत्या.

सॉफ्टवेअरच्या हाती पत्त्यांचा पट्टा देण्याचा प्रयोग इंटेलच्या आधी एका लहान स्पर्धकाने केला, आणि तोही निरुपायाने. १९९२ मध्ये सायरिक्स या कंपनीने ३८६ च्या जागी बसणारा ४८६डीएलसी हा प्रोसेसर आणला. त्यात फक्त १ किलोबाइटचा कॅशे होता. पण ज्या बोर्डांवर तो बसणार होता, त्या बोर्डांना प्रोसेसराच्या आत कॅशे असू शकतो हेच ठाऊक नव्हते. ‘केन’ पिनेवर उत्तर देणारे तेथे कोणी नव्हते. म्हणून सायरिक्सने प्रोसेसराच्या आतच काही रजिस्टरे ठेवली. षोडशमान पद्धतीतील २२ व २३ या पोर्टांमधून त्यांत लिहिता येई. चार पट्टे ‘कॅशेबाह्य’ म्हणून नेमून देता येत. ६४० किलोबाइट ते १ मेगाबाइट हा संपूर्ण भाग वगळण्यासाठी वेगळा बिट होता. प्रत्येक मेगाबाइटच्या आरंभीचे ६४ किलोबाइट वगळण्यासाठी आणखी एक होता. या दुसऱ्या बिटाचे कारण मोठे गमतीचे आहे. जुन्या ८०८६ मध्ये १ मेगाबाइटच्या पुढचा पत्ता गुंडाळून पुन्हा शून्यावर येत असे आणि काही प्रोग्रॅम त्यावर विसंबून होते. त्यांच्यासाठी नंतरच्या बोर्डांवर पत्त्याची एक तार दाबून ठेवण्याची सोय होती. प्रोसेसराच्या आतील कॅशेला ती तार दाबलेली आहे की नाही हे कळत नसे. १९८१ चे ऋण १९९२ मध्ये एका बिटाच्या रूपाने फेडावे लागले.

हे बिट कोण भरणार? अनेक जुन्या बोर्डांचा बायोस भरणार नाही हे उघड होते. त्यामुळे वापरणाऱ्याला डॉस सुरू होताना एक छोटा प्रोग्रॅम चालवावा लागे. म्हणजे यंत्राचा वेगच नव्हे, तर त्याचा खरेपणाही एका छोट्या प्रोग्रॅमवर अवलंबून राहिला. पुढील वीस वर्षांतील बहुतेक अडचणींचे बीज या व्यवस्थेत होते, असे माझे मत आहे.

येथे थोडे विषयांतर करून पुण्याचा उल्लेख करणे उचित ठरेल. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यातील इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपमध्ये ४ किलोबाइटची वेगवान मेमरी होती, पण तो कॅशे नव्हता. ती पत्त्यांच्या नकाशावर उघडपणे दिसे आणि तेथे काय ठेवावयाचे हे प्रोग्रॅम लिहिणाराच ठरवी. पुढील परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला. त्यात कॅशे होता, परंतु मोठ्या सारण्या वाचताना कॅशेला वळसा घालून थेट मेमरीतून आणणारी एक खास वाचन-सूचनाही होती. अदृश्य मदत घ्यावी की स्वतः जबाबदारी घ्यावी, हा पर्याय भारतीय प्रोग्रॅमरांपुढेही त्या काळात आलेला होता.

पेंटियम प्रो आणि एमटीआरआर

नोव्हेंबर १९९५ मध्ये पेंटियम प्रो बाजारात आला. त्याच्या रचनेत दोन गोष्टी नव्या होत्या. एक, दुसऱ्या पातळीचा कॅशे मदरबोर्डवरून उचलून प्रोसेसराच्याच वेष्टनात, स्वतंत्र बसवर ठेवला गेला. दोन, प्रोसेसर सूचना क्रमाने न चालविता जमेल तशा पुढे-मागे चालवू लागला. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून तो आगाऊ वाचनही करू लागला. या दोहोंमुळे ‘केन’ पिनेची पद्धत निकालात निघाली. एखाद्या उपकरणाचे रजिस्टर केवळ वाचल्याने त्यातील नोंद पुसली जाते, अशा पत्त्यावर अंदाजाने वाचन झाले तर माहिती कायमची जाते. बसवर व्यवहार सुरू झाल्यावर ‘हा पत्ता कॅशेयोग्य नाही’ असे कळून उपयोग नाही. व्यवहार करण्यापूर्वीच पत्त्याची जात प्रोसेसरला ठाऊक असली पाहिजे. म्हणून नकाशा प्रोसेसराच्या आत आणावा लागला. हा नकाशा म्हणजेच एमटीआरआर होय.

त्याची रचना पुढीलप्रमाणे आहे. पहिल्या १ मेगाबाइटसाठी अकरा स्थिर रजिस्टरे असून त्यांत एकूण ८८ पट्ट्यांची जात नोंदविता येते. खालच्या ५१२ किलोबाइटसाठी ६४ किलोबाइटचे ८ पट्टे, त्यावरील २५६ किलोबाइटसाठी १६ किलोबाइटचे १६ आणि उरलेल्या २५६ किलोबाइटसाठी ४ किलोबाइटचे ६४. म्हणजे जुन्या पीसीचा नकाशा जेथे सर्वांत गुंतागुंतीचा, तेथेच मापन सर्वांत बारीक. १ मेगाबाइटच्या वरील सर्व मेमरीसाठी मात्र रजिस्टरांच्या केवळ आठ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत आरंभाचा पत्ता आणि एक मुखवटा असे. कोणत्याच पट्ट्यात न येणाऱ्या पत्त्यांसाठी एक मूलभूत जात ठरविलेली असे.

जाती पाच होत्या. ‘अनकॅशेबल’ म्हणजे कधीही साठवू नये व क्रम मोडू नये. ‘राइट-बॅक’ म्हणजे लेखनही कॅशेतच ठेवावे आणि सवडीने मेमरीत न्यावे. सामान्य मेमरीसाठी हीच जात योग्य. ‘राइट-थ्रू’ म्हणजे वाचन साठवावे पण लेखन लगेच मेमरीत न्यावे. ‘राइट-प्रोटेक्टेड’ ही जात मेमरीत उतरविलेल्या रॉमच्या प्रतीसारख्या भागांसाठी होती. तेथे वाचन साठविले जाई, परंतु लेखनाने कॅशेतील प्रत बदलत नसे. पाचवी ‘राइट-कम्बाइनिंग’ ही जात सर्वांत नवी, आणि या रजिस्टरांची कीर्ती सामान्य वापरकर्त्यांपर्यंत तिनेच पोहोचविली.

चित्राच्या मेमरीत लिहिताना प्रोसेसर एका ओळीत लागोपाठ ठिपके भरतो. ती मेमरी अनकॅशेबल असेल तर चार-चार बाइटचा प्रत्येक तुकडा बसवरून स्वतंत्र फेरीने जातो. राइट-कम्बाइनिंगमध्ये प्रोसेसर हे तुकडे एका छोट्या बफरात गोळा करतो आणि ३२ बाइट भरले की एकदम रवाना करतो. आठ फेऱ्यांचे काम एका फेरीत होते. क्रमाची हमी येथे नसते, पण चित्राच्या बाबतीत कोणता ठिपका आधी पोहोचला याने बिघडत नाही. पेंटियम प्रोवर डॉसमधील खेळ अपेक्षेपेक्षा मंद चालत, तेव्हा फास्टविड नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लोकप्रिय झाला. तो प्रामुख्याने हेच करी. चित्राच्या मेमरीचा पट्टा राइट-कम्बाइनिंग जातीचा करून देई. काही बायोसांच्या मांडणीतही चित्रमेमरीची जात निवडण्याचा पर्याय त्यानंतर दिसू लागला. कार्यालयीन कामासाठी घडविलेल्या यंत्रातील एका गहन सोयीची ओळख खेळ खेळणाऱ्या मुलांनी आधी करून घेतली, हे नमूद करण्यासारखे आहे.

लिनक्समध्ये रिचर्ड गूच यांनी १९९७ पासून लिहिलेला एमटीआरआर ड्रायव्हर १९९९ च्या २.२ या आवृत्तीत सर्वांच्या हाती आला. त्याने ‘/प्रॉक/एमटीआरआर’ नावाची एक फाइल उपलब्ध करून दिली. ती वाचली की चालू पट्टे दिसत. तिच्यात आरंभ, आकार आणि जात अशी एक ओळ लिहिली की नवा पट्टा तयार होई. चित्र-लेखनाचा वेग यामुळे अडीचपट वा अधिक वाढू शकतो, असे त्याच्या दस्तऐवजात म्हटले होते. त्या काळी प्रत्येक कंपनीची रजिस्टरे निराळी होती. सायरिक्सची वेगळी, सेंटॉरच्या विनचिपची वेगळी, तर एएमडीच्या के६-२ मालिकेतील उत्तरार्धाच्या प्रोसेसरांत फक्त दोन पट्टे. गूच यांच्या ड्रायव्हरने या सर्वांना एकच मुखवटा चढविला. एएमडीने १९९९ च्या अ‍ॅथलॉनपासून इंटेलचीच पद्धत स्वीकारल्यावर हा भेद हळूहळू मावळला.

रजिस्टरात लिहिणे ही मात्र साधी कृती नव्हती. इंटेलने विहित केलेली पद्धत एखाद्या विधीसारखी आहे. यंत्रातील सर्व प्रोसेसरांना एका ठिकाणी थांबवावयाचे, व्यत्यय बंद करावयाचे, कॅशे बंद करून त्यातील मजकूर मेमरीत उतरवावयाचा, पत्त्यांच्या भाषांतराची साठवण पुसावयाची, एमटीआरआर बंद करावयाचे, नवी मूल्ये भरावयाची, मग उलट क्रमाने सर्व सुरू करावयाचे. सर्व प्रोसेसरांत मूल्ये तंतोतंत सारखी असली पाहिजेत. एकच पत्ता एका प्रोसेसरला साठविण्याजोगा आणि दुसऱ्याला न साठविण्याजोगा वाटला, तर दोघांना वेगवेगळा मजकूर दिसेल. कित्येक बायोसांनी केवळ पहिल्याच प्रोसेसराची रजिस्टरे भरली होती. ती चूक लिनक्सला सुरू होतानाच दुरुस्त करावी लागे आणि तसा इशारा तो पडद्यावर देत असे.

आठ जोड्यांचे अंकगणित

या व्यवस्थेतील खरी अडचण मुखवट्यात होती. मुखवट्याच्या पद्धतीमुळे पट्ट्याचा आकार दोनच्या घातातच असावा लागतो आणि त्याचा आरंभ त्या आकाराच्या पटीत. १९९५ मध्ये, जेव्हा घरगुती संगणकात ८ किंवा १६ मेगाबाइट मेमरी असे, तेव्हा आठ जोड्या चैनीच्या होत्या. मेमरी ४ गिगाबाइटला भिडली तेव्हा त्या तोकड्या पडल्या.

एक उदाहरण घेऊ. ४ गिगाबाइटच्या खाली ६४ मेगाबाइट जागा उपकरणांसाठी सोडून उरलेली ४०३२ मेगाबाइट मेमरी राइट-बॅक करावयाची आहे. बेरजेच्या मार्गाने गेल्यास २०४८, १०२४, ५१२, २५६, १२८ आणि ६४ असे सहा पट्टे, म्हणजे आठपैकी सहा जोड्या खर्ची पडतात. वजाबाकीच्या मार्गाने दोनच पुरतात. ४०९६ मेगाबाइट राइट-बॅक, आणि त्यावर शेवटचे ६४ अनकॅशेबल. दोन पट्टे एकमेकांवर आल्यास अनकॅशेबलचा शब्द अखेरचा, असा नियम असल्याने हे साधते. बायोस लिहिणाऱ्यांनी स्वाभाविकपणे वजाबाकी पत्करली. पण त्याच नियमाने घात केला. चित्राची मेमरी त्या ६४ मेगाबाइटांतच असे. तिच्यावर राइट-कम्बाइनिंगचा पट्टा टाकला, तरी खालच्या अनकॅशेबलचा शब्द अखेरचा ठरे आणि ड्रायव्हरचा प्रयत्न वाया जाई. नवे, महागडे कार्ड घेतलेल्या वापरकर्त्याला त्याचे चित्र अडखळत का चालते, हे कधीच कळत नसे.

याहून गंभीर प्रसंग ४ गिगाबाइटच्या वर घडे. उपकरणांनी अडविलेल्या जागेतील मेमरी वाया जाऊ नये म्हणून चिपसेट ती ४ गिगाबाइटच्या वर नेऊन दाखवितो. तिच्यासाठी राइट-बॅक पट्टा नोंदविणे बायोस विसरला, किंवा त्याच्याकडे जोडीच उरली नाही, तर ती मेमरी मूलभूत जातीत, म्हणजे बहुधा अनकॅशेबलमध्ये पडते. यंत्र चालते, उत्तरेही बरोबर येतात. फक्त ऑपरेटिंग सिस्टिमने त्या भागात काही ठेवले की सारे मुंगीच्या गतीने सरकते.

मी पदव्युत्तर वर्गात असताना, २००९ च्या सुमारास, आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकाची मेमरी २ वरून ४ गिगाबाइट करण्यात आली, आणि तो आधीपेक्षा मंद झाला. पुरवठादाराने मेमरी बदलून दिली. फरक पडला नाही. हार्ड डिस्क तपासली, विषाणू तपासले. शेवटी आमच्या एका सरांनी लिनक्सच्या आरंभीच्या नोंदी कागदावर छापून आणल्या. त्यांत एमटीआरआर सर्व मेमरी व्यापत नाहीत, हा बायोसचा दोष आहे आणि म्हणून इतकी मेगाबाइट मेमरी सोडून देत आहे, असा इशारा होता. त्या वर्गात मेमरी वाढवली की यंत्र वेगवान होते हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. सोडून दिलेल्या त्या मेमरीचे पैसे संस्थेने भरले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. नव्या आवृत्तीतील लिनक्स निदान इशारा देऊन ती मेमरी वगळत होता. त्याच यंत्रावरील दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम निमूटपणे मंद चालत होती.

लिनक्समधील हा इशारा २००८ मध्ये आला. त्याच वर्षी बायोसने मांडलेले पट्टे मोडून ते पुन्हा मांडणारा भागही लिनक्समध्ये दाखल झाला. एएमडीने ४ गिगाबाइटच्या वरील सर्व मेमरी एका बिटाने राइट-बॅक ठरविण्याची सोय देऊन हा प्रश्न मुळातून सोडविला. इंटेलने पुढील अनेक प्रोसेसरांत जोड्या आठावरून दहा केल्या.

पानागणिक जात

वास्तविक अधिक चांगला उपाय १९९९ मध्येच आला होता. पेंटियम ३ मध्ये ‘पेज अ‍ॅट्रिब्यूट टेबल’ म्हणजे पॅट ही सोय होती. ४८६ च्या काळातील दोन बिटांना तिसरा जोडून आठ नोंदींच्या एका तक्त्यातून कोणतीही जात निवडता येऊ लागली, तीही ४ किलोबाइटच्या प्रत्येक पानासाठी स्वतंत्रपणे. दोनच्या घाताचे बंधन नाही, जोड्यांची टंचाई नाही. शिवाय एमटीआरआरने एखादा पट्टा अनकॅशेबल ठरविला असला, तरी पॅटने पानाला राइट-कम्बाइनिंग म्हटल्यास पॅटचे चालते. वर सांगितलेला घात येथे टळतो.

तरीही लिनक्सच्या मुख्य प्रवाहात पॅटचा पूर्ण आधार यावयास २००८ ची २.६.२६ ही आवृत्ती उजाडावी लागली. नऊ वर्षांच्या या विलंबाचे एक कारण काही आरंभीच्या प्रोसेसरांतील दोष हे होते. पण मोठे कारण वेगळे होते. एमटीआरआर भौतिक पत्त्याला जात देतो. एका पत्त्याला एकच. पॅट जात देतो ती आभासी पानाला. एकाच भौतिक पानाकडे जाणारी दोन आभासी पाने असतील आणि दोहोंची जात वेगळी असेल, तर काय घडेल याची हमी प्रोसेसर देत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बहुतेक भौतिक मेमरीचे एक कायमचे प्रतिबिंब असतेच. म्हणून एखाद्या ड्रायव्हरने पानाची जात बदलली की गाभ्याने सर्व प्रतिबिंबे शोधून तीही बदलावयाची, आणि कोण कोणत्या जातीने काय वापरत आहे याची नोंदवही ठेवावयाची. ज्या निर्णयाचा भार १९८९ मध्ये एक पिन वाहत होती, तो आता हजारो ओळींच्या सॉफ्टवेअरवर आला.

अपवादांचे राज्य

२००९ पर्यंत एमटीआरआरकडे कार्यक्षमतेची बाब म्हणूनच पाहिले जात होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ही समजूत बदलली. फ्रान्समधील लॉइक द्युफ्लो व त्यांचे सहकारी आणि पोलंडमधील राफाउ वोयचुक व योआना रुत्कोव्स्का यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, एकच हल्ला दाखवून दिला.

इंटेलच्या प्रोसेसरांत १९९० च्या ३८६एसएलपासून ‘सिस्टिम मॅनेजमेंट मोड’ नावाची एक अवस्था आहे. विजेचे व्यवस्थापन वगैरे कामांसाठी बायोसचा एक भाग त्या अवस्थेत चालतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तो दिसत नाही आणि त्याचे अधिकार तिच्याहून मोठे असतात. त्याची मेमरी चिपसेट कुलूप लावून ठेवतो. बाहेरचे लेखन तो परतवून लावतो. पण हा पहारा चिपसेटच्या दारात होता आणि कॅशे त्या दाराच्या अलीकडे, प्रोसेसराच्या पोटात. हल्लेखोराने एवढेच केले की एमटीआरआरमधून त्या कुलूपबंद पट्ट्याची जात राइट-बॅक केली आणि त्या पत्त्यावर आपला मजकूर लिहिला. लेखन कॅशेतच थांबले, चिपसेटपर्यंत गेलेच नाही. मग त्याने त्या विशेष अवस्थेचा व्यत्यय उठविला. प्रोसेसर त्या अवस्थेत शिरला, सूचना वाचू लागला, आणि खऱ्या मेमरीऐवजी कॅशेत ठेवलेला हल्लेखोराचा मजकूर त्याने चालविला. लिनक्सवर मुख्य वापरकर्त्याचे अधिकार असलेल्याला पट्ट्याची जात बदलावयास ‘/प्रॉक/एमटीआरआर’ ही फाइलच पुरेशी होती. चित्रवेग वाढविण्यासाठी उघडलेली खिडकी यंत्राच्या सर्वांत आतल्या खोलीत उघडत होती.

इंटेलने यावर नव्या प्रोसेसरांत ‘सिस्टिम मॅनेजमेंट रेंज रजिस्टर’ ही जोडी दिली. ती फक्त त्या विशेष अवस्थेतच बदलता येते. अवस्थेबाहेरून तो पट्टा वाचल्यास ठराविक निरर्थक मूल्य मिळते आणि लेखनाकडे दुर्लक्ष होते. एमटीआरआर काहीही म्हणोत. म्हणजे नकाशावर आणखी एक नकाशा आला, आणि यावेळी त्याची किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमकडे दिलेली नाही.

याच गुणधर्माचा एक विधायक उपयोगही नमूद केला पाहिजे. संगणक सुरू होतो त्या क्षणी मुख्य मेमरी वापरण्यायोग्य नसते. तिची जुळवाजुळव करणारा प्रोग्रॅम मेमरीशिवायच चालावा लागतो. १९९९ मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू झालेल्या आणि २००८ पासून कोअरबूट नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिनक्सबायोस प्रकल्पाने आरंभी यासाठी एक खास कंपायलर वापरला. तो सर्व चल-मूल्ये केवळ प्रोसेसराच्या रजिस्टरांत मावेल अशा रीतीने मांडी. पुढे दुसरी युक्ती रूढ झाली. एमटीआरआरने एक लहान पट्टा राइट-बॅक ठरवावयाचा, तेवढा कॅशे भरून घ्यावयाचा आणि त्याबाहेर पाऊल न टाकता त्यालाच मेमरी म्हणून वापरावयाचे. पत्त्यांमागे खरी मेमरी नसतानाही लेखन आणि वाचन बरोबर होते, कारण कॅशेतून काहीच बाहेर पडत नाही. द्युफ्लो आणि रुत्कोव्स्का यांनी दाखविलेला हल्ला आणि ही युक्ती यांमागील तत्त्व एकच आहे.

सद्यःस्थिती

आज लिनक्समध्ये ड्रायव्हरांनी एमटीआरआरला थेट हात लावू नये असा दंडक आहे. २०१५ च्या सुमारास त्यांची थेट मागणी करणारे ड्रायव्हर एकेक करून दुसऱ्या पद्धतीवर आणले गेले. पॅट उपलब्ध असल्यास ती पद्धत एमटीआरआरमध्ये काहीच लिहीत नाही. रजिस्टरे बायोस भरतो, ऑपरेटिंग सिस्टिम ती वाचते आणि बहुधा तशीच ठेवते. पट्ट्यांचा स्थूल नकाशा बायोसकडे आणि पानांचा सूक्ष्म नकाशा ऑपरेटिंग सिस्टिमकडे, अशी वाटणी झालेली आहे. स्वतंत्र प्रोग्रॅमच्या हातीही काही सूचना आहेत. १९९९ पासून कॅशेला वळसा घालून लिहिणाऱ्या, आणि २००० च्या पेंटियम ४ पासून एकच ओळ कॅशेतून काढून टाकणारी. या दुसऱ्या सूचनेला कोणताही विशेषाधिकार लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लश अँड रिलोड’ या हेरगिरीच्या तंत्रात आणि मेमरीतील शेजारच्या ओळी बिघडविणाऱ्या ‘रोहॅमर’च्या प्रयोगांत तिचाच उपयोग करण्यात आला, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

‘/प्रॉक/एमटीआरआर’ ही फाइल अद्याप अनेक यंत्रांवर आहे. माझ्या वर्गात संगणक-रचनेचे पहिले प्रात्यक्षिक म्हणून मी विद्यार्थ्यांना तीच वाचावयास सांगतो. चार-पाच ओळी दिसतात. आरंभ, आकार, जात. त्यांतील आकडे दोनच्या घातातच का आहेत आणि शेवटच्या ओळीत ‘अनकॅशेबल’ का लिहिले आहे, हे विचारल्यावर बहुतेक जण प्रथम चिपसेटचे नाव शोधू लागतात. एखादा विद्यार्थी मात्र वजाबाकी करून पाहतो.